टूरिंग बाइकला रडारवाली क्रूझ घ्यावी का? कांद्याच्या ट्रॅक्टरवरून सांगतो

इंदिरानगरच्या एका भाऊंचा प्रश्न असा आहे की वीस-पंचवीस लाखाची टूरिंग बाइक घ्यायचं नक्की झालंय, शोरूमवाला म्हणतोय रडारवालं मॉडेल घ्या, ॲडॅप्टिव्ह क्रूझ आहे, पुढचा हळू झाला की तुमची गाडी आपोआप हळू होते. तर त्यासाठी वरचे पैसे टाकावे का, की साधी क्रूझ, म्हणजे लावलेला स्पीड रेस न धरता तसाच ठेवणारी, पुरे? वापर म्हणजे वर्षातून दोन लांबच्या ट्रिपा, मागे वहिनी, बाकी नाशिक-पुणे नाशिक-मुंबई.

ज्याला घाई आहे त्याच्यासाठी आधीच सांगून टाकतो. साधी क्रूझ पाहिजेच, मागचं रडार, म्हणजे बाजूला कुणी आलं की आरशात दिवा लावणारं, मिळालं तर फार छान, पण पुढच्या रडारसाठी म्हणून मॉडेल बदलू नका. आता का ते जरा लांबण लावून सांगतो.

माझ्या स्वतःच्या गाडीला साधी क्रूझ आहे. रडारवाली मित्राची, तिचं नाव सांगत नाही, नाहीतर मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि कंपनीवरून भांडणं सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात ती धुळ्यापर्यंत नेऊन आणली, तीनशेच्या वर किलोमीटर झाले, अर्ध्या वाटेत मित्राची बायको त्याच्यामागून उठून माझ्यामागे बसली कारण तो फार पळवत होता. म्हणजे पिलियनसकट, मागे बसणाऱ्यासकट, टेस्ट झाली म्हणा.

आधी ही भानगड काय आहे ते. पहिली रडारवाली प्रॉडक्शन बाइक २०२० च्या शेवटी आली, डुकाटीची मल्टीस्ट्राडा व्ही४, पुढे एक रडार आणि मागे एक. मग २०२१ ला बीएमडब्ल्यूची आर १२५० आरटी आणि केटीएमची १२९० सुपर ॲडव्हेंचर एस, आणि आता आर १३०० जीएसलाही मिळतं. बहुतेकांत रडार बॉशचं. नाशिककराला बॉश म्हणजे मायको, नाव २००८ मध्ये बदललं तरी त्र्यंबक रोडचं सर्कल आजही मायको सर्कलच आहे, पण आपल्या सातपूरला डिझेलचे नोझल-इंजेक्टर होतात, तेव्हा गावचा माल म्हणून छाती फुगवून घेऊ नका. मल्टीस्ट्राडावर ही क्रूझ ताशी ३० ते १६० मध्ये चालते, अंतर चार पायऱ्यांत लावता येतं, जवळ ते लांब. स्पीड सेट करायचा, पुढे कुणी आला की गाडी रेस कमी करते, लागलंच तर स्वतः ब्रेक मारते, तो बाजूला झाला की परत सेट केलेल्या स्पीडला जाते. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, ट्रॅक्टर तिथेच येणार आहे.

चांगलं आधी सांगतो. सकाळी साडेसहाला दहाव्या मैलाच्या पुढे हायवे रिकामा, क्रूझ ७८ वर लावली. चार पदरी हायवेला बाइकला कायद्याने ८० च आहे, कारला १००, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि माहीत असलेले सांगत नाहीत. पुढे एक ट्रॅव्हल्सची बस ७० ने चाललेली, आपली गाडी तिच्यामागे ४०-४५ मीटरवर जाऊन गपचूप चिकटली. मनगट मोकळं, डोळे स्पीडोवर नाहीत, रस्ता बघतोय, द्राक्षाच्या बागा बघतोय. साध्या क्रूझवर हेच केलं असतं तर बसजवळ आलं की सोड, परत लाव, परत सोड, दहा मिनिटांनी माणूस वैतागून क्रूझ बंदच करतो. एवढं श्रेय तिला द्यायला पाहिजे. पिंपळगावचा टोल, जिथे बाइकला साइडच्या बोळातून खडीवरून जावं लागतं, तिथपर्यंत मी जवळजवळ फॅन झालो होतो.

टोलनंतर लोक जागे झाले. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, दोन सेकंदाचं अंतर ठेवायचं तर पुढे ४४ मीटर मोकळे पाहिजेत, आणि आपल्या हायवेवर ४४ मीटर मोकळे म्हणजे लोकांना वाटतं आमंत्रणच दिलंय. एक स्विफ्ट घुसली, गाडीने रेस सोडली. तिच्यामागून पिकअप घुसला, परत सोडली. अशा चार-पाच वेळा झाल्यावर मी ७८ चा ५५ वर आलेलो आणि सगळं जग मला कट मारून पुढे चाललंय. मग अंतर जवळच्या पायरीवर आणलं, घुसणं कमी झालं, पण ते अंतर मला स्वतःला कधीच चाललं नसतं. म्हणजे लांब ठेवावं तर मागे पडतो आणि जवळ ठेवावं तर जीव मुठीत.

आता ट्रॅक्टर. येताना, चांदवडच्या अलीकडे, उन्हं कलली होती, पाच-सव्वापाच. मी एका पिकअपच्या मागे, तो ६५ ने चाललाय, माझी क्रूझ ८० वर सेट, म्हणजे रडारने मला ६५ वर धरून ठेवलंय. पिकअपवाल्याने अचानक, इंडिकेटर-बिंडिकेटर काही नाही, उजवीकडे लेन बदलली. रडारला दिसलं की पुढचा गेला, रस्ता मोकळा, आणि गाडीने इमानदारीत रेस वाढवली. आणि समोर कांद्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॉली. मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, फळीला एक जुनी सीडी तारेने बांधलेली तेवढीच चमकत होती. ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या स्पीडने. मी दोन्ही ब्रेक दाबले, क्रूझ सुटली, मागे मित्राच्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टण्णकन आपटलं, आणि ट्रॉलीपासून आठ-दहा मीटरवर आम्ही तिच्याच स्पीडला आलो. एक गोणी फाटलेली होती, टायरखाली दोन कांदे फुटले, तो वास अजून आठवतोय.

रडार बिघडलं होतं का? तर नाही. ते जसं चालायला पाहिजे तसंच चाललं. रडार लहरी पाठवून परत आलेल्यांवरून अंतर आणि वेगातला फरक मोजतं. आता रस्त्यावर न हलणाऱ्या हजार गोष्टी असतात, डिव्हायडर, बोर्ड, पूल, खांब, त्या प्रत्येकाला बघून गाडी ब्रेक मारायला लागली तर मागचा ट्रक अंगावर येईल. म्हणून अशा सिस्टिम उभ्या वस्तूंना सोडून देतात. बीएमडब्ल्यूने तर स्पष्टच सांगितलंय की त्यांची क्रूझ फक्त चालत्या गाड्यांना बघते, सिग्नलला किंवा ट्रॅफिक जामच्या शेपटाला उभ्या असलेल्या गाड्या ती धरतच नाही. ट्रॅक्टर उभा नव्हता हे खरं, पण ८० च्या हिशोबात पंधरा म्हणजे उभाच, आणि पिकअपच्या आडून तो इतक्या उशिरा दिसला की तेवढ्या वेळात जोरात ब्रेक मारण्याचा अधिकारच या क्रूझला नाही.

अधिकार नाही म्हणजे, बाइकवर क्रूझला मुद्दाम हळूच ब्रेक मारू देतात. कारमध्ये तुम्हाला बेल्ट असतो, बाइकवर एक हात खिशात, मागे बायको फोटो काढतेय, अशा वेळी गाडीने स्वतःहून करकचून ब्रेक मारला तर माणसं खाली. म्हणून ही गोष्ट आरामाची आहे. शोरूमवाला तिला सेफ्टी म्हणून विकतो तेव्हा मला राग येतो तो यासाठी.

धुक्याचंही तसंच. पावसाळ्यात इगतपुरीपासून कसारा घाटापर्यंत वीस मीटरवरचं दिसत नाही, आणि रडारला धुक्यातून आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, त्यामुळे मोह होतो की चला लावून टाकू, ते बघेल. ते चालता ट्रक बघेल भाऊ, बंद पडलेला, कडेला दगड लावून ठेवलेला ट्रक नाही बघणार. आणि घाटात धोका कायम तोच असतो. शिवाय घाटातल्या वळणावर पुढची गाडी रडारच्या झोतातून निसटते किंवा शेजारच्या लेनमधला कंटेनर त्याला आपला वाटतो. त्या धुळ्याच्या ट्रिपला राहूड घाटात मला विनाकारण रेस सोडून दाखवली. घाट आला की क्रूझ बंद, साधी असो की रडारवाली.

गिअरचा एक बारका मुद्दा. क्रूझ तुम्हाला ८० वरून ४० वर आणते पण गिअर तुम्ही सहावाच ठेवलाय, इंजिन खाली घुर्र घुर्र करतं, गिअर तुम्हालाच काढायचा असतो. क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलायची सोय, असेल तर ठीक, क्लच दाबला की मात्र क्रूझ सुटते. केटीएमच्या नव्या १३९० वर ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत थांबून परत निघणारी क्रूझ आलीय आणि बॉशने ग्रुप राइडसाठी, म्हणजे झिगझॅग लावून चालणाऱ्या बाइकच्या रांगेत नीट अंतर धरणारी सोयही दाखवलीय. आपल्या रविवारच्या मिसळ राइडला तिचा उपयोग होईल कदाचित, जर रांगेत कुणी रांगेसारखं चाललं तर.

राहता राहिला रस्ता. महाराष्ट्रात ही क्रूझ खरी वापरावी असा रस्ता म्हणजे समृद्धी, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढे आमणेपर्यंत पूर्ण झाला, आपल्याला भरवीरवरून चढता येतो. पण बाइकला बंदी! पुणे-मुंबई एक्सप्रेसवेलाही बंदी. म्हणजे जिथे हे यंत्र शोभतं तिथे तुम्हाला जाऊच देत नाहीत, आणि जिथे जाऊ देतात तिथे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण, दर पाच मिनिटांनी कट आणि उलट्या बाजूने येणारा स्कूटीवाला. उलटा येणारा तर रडारच्या खिजगणतीतही नाही. तुम्ही वर्षातून एकदा राजस्थानला जाणार असाल, तिकडचे सरळसोट रस्ते असतील, तर तिथे दोन-तीन दिवस मजा येईल, ते मान्य. त्या मजेसाठी किती पैसे द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

साधी क्रूझ मात्र ऐकून घ्या. चाळिशी-पन्नाशीनंतर उजवं मनगट बोलायला लागतं, दोनशे किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात, तिथे दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हात झटकायला मिळणं म्हणजे औषध आहे. आता तर तीनशे-चारशे सीसीच्या गाड्यांनाही येते, नव्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरला आहे, त्यासाठी वीस लाख लागत नाहीत.

आणि मागचं रडार. आरशात पिवळा दिवा लागतो, बाजूला कुणी आलं की, बस. मला त्या तीनशे किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. पॅनियर, म्हणजे बाजूचे सामानाचे डबे, लावलेले, मागे माणूस, आरशात अर्धं आपलंच कोपर दिसतं, आणि उजवीकडून शंभरच्या स्पीडने येणारी इनोव्हा आपल्या आधी त्या दिव्याला दिसते. मान वळवून बघायचंच, पण दोनदा त्या दिव्याने मला लेन बदलण्यापासून थांबवलं.

म्हणून करायचं असं की शोरूमवाल्याला विचारा मागचं रडार वेगळं मिळतं का. नाही म्हणाला आणि पुढचं-मागचं एकाच पॅकेजमध्ये असेल, बजेटही ओढाताण न करता बसत असेल, तर घ्या, नाही म्हणत नाही मी. पण टेस्ट राइड गोविंदनगरच्या गल्लीत नका घेऊ, वहिनींना मागे बसवून ओझरच्या पुढे जा, क्रूझ लावा, अंतराच्या सगळ्या पायऱ्या बघा, गाडी स्वतः ब्रेक मारते तेव्हा मागे कसं वाटतं ते त्यांनाच विचारा. क्रॅशगार्ड, फॉगलॅम्प बाहेरून बसवणार असाल तर आधी बघून घ्या रडारच्या तोंडासमोर काही येतंय का, पुढच्या नंबर प्लेटचंही तेच. चिखल बसला तरी रडार रुसतं, डॅशवर मेसेज येतो. मित्राच्या गाडीला दसऱ्याला मेसेज आला होता, सर्व्हिसवाल्याला फोन, धावपळ, शेवटी निघालं काय तर त्याच्या आईने घातलेला झेंडूचा हार बरोबर रडारवर लोंबत होता, आणि वर हळदीकुंकू.