ट्यूनिंग बॉक्स लावलेला असताना स्कॅनरवर विसंबू नका

ट्यूनिंग बॉक्स (ताकद वाढवायला सेन्सरच्या वायरमध्ये जोडतात ती डबी) लावल्यावर घाटात चेक इंजिन लाइट लागते, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी स्विफ्ट डिझेल आठवली. ट्यूनिंग बॉक्स लावून पंधरा दिवस, घाटात चेक इंजिन लाइट, गाडीचा दम गेला, सगळं तेच. पण "स्कॅनरवर (गाडीतले आकडे आणि कोड वाचायचं यंत्र) रेल प्रेशर नॉर्मल आहे, म्हणजे बॉक्सचा दोष नाही" असं तुम्ही म्हणताय ना, नेमका तिथेच मी फसलो होतो.

इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीवरचा, म्हणजे रेलवरचा, सेन्सर दाबाप्रमाणे साधारण 0.5 ते 4.5 व्होल्ट देतो. बॉक्स मध्ये बसून तो आकडा कमी करून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडूनही डिझेल जास्त जातं. स्कॅनर काय करतो? ईसीयूलाच विचारतो. मग ईसीयूला सांगितलेलं खोटंच तुम्हालाही दिसणार.

मी वॉरंटीच्या भीतीने बॉक्सबद्दल चकार शब्द न काढता गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. तो बॉक्स तसाच बॉनेटखाली! त्यांनी आधी सेन्सर बदलला, मग डिझेलचा पंप. 40 हजारांच्या वर गेले आणि खंबाटकी घाटात लाइट पुन्हा लागली. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीने बॉक्सचा कपलर (वायर जोडायचा प्लग) सोडवून दाखवला. एक पिन हिरवी पडून मागे सरकली होती, हादरा बसला की संपर्क तुटायचा. चूक माझीच, पण दोन वेळा गाडी उघडूनही "ही जादा वायर कसली?" असं तिथे एकाने विचारू नये, याचा राग अजून जात नाही.

तेव्हा पंपाचं कोटेशन आलं असेल तर थांबा. इग्निशन बंद करून बॉक्स काढा, मूळ कपलर थेट सेन्सरला लावा, स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसा आणि त्याच घाटात गाडी न्या. लाइट लागली नाही तर संशय बॉक्सवरच. डिझेलच्या नळ्यांना मात्र हात लावू नका, आत हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो.

काळा धूर येत असेल तर बॉक्सचं सेटिंग खाली आणा. एकाच सेन्सरवरचा बॉक्स डिझेल वाढवतो, हवा नाही. टर्बो पेट्रोलचं गणित वेगळं, तिथे बहुतेक बॉक्स बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) आकडा कमी दाखवतात. मी मेकॅनिक नाही, हा एका 1.3 डिझेलचा अनुभव आहे. पण सर्व्हिस सेंटरला बॉक्सचं खरं सांगाच, वॉरंटी गेली तरी. आणि कोड पुसण्याआधी त्याचा नंबर इथे टाका.