चाओती: न जन्मलेल्या भावासाठी ठेवलेलं नाव

तुमच्या चिनी सहकारी बाईंचं नाव भाषांतराच्या ॲपमध्ये टाकल्यावर ‘धाकट्या भावाची भरती’ असं आलं. ॲप चुकलं का आणि अर्थ थेट त्यांनाच विचारला तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. ॲप फारसं चुकलेलं नाही. विचारण्याबद्दल शेवटी सांगतो.

नावातलं पहिलं अक्षर हाताने खुणावून बोलावण्याचं. त्याच्या डाव्या अंगाला हाताचं चिन्हच असतं. नोकरभरतीलाही तेच अक्षर वापरतात, म्हणून ॲपचा घोटाळा झाला. दुसरं अक्षर म्हणजे धाकटा भाऊ. रोमन स्पेलिंग बघून आपण ‘झाओदी’ म्हणतो, चिनी तोंडून ते ‘चाओती’च्या जवळपास ऐकू येतं. थोडक्यात, ‘ये रे भावा’. मुलगी झाली, आता तरी मुलगा होऊ दे, म्हणून मुलीलाच ठेवलेलं नाव. लायती (येवो भाऊ), फानती (भावाची आस), यिनती (भावाला घेऊन येणारी) ही त्याच माळेतली.

यामागे नुसती हौस नव्हती. पूर्वजांची पूजा मुलाने करायची, आडनाव मुलाने चालवायचं, मुलगी लग्न करून दुसऱ्याच्या घरची होणार. घराण्याच्या वंशावळीत पुष्कळदा मुलींची नोंदच नसे. आईवडिलांविरुद्धच्या तीन मोठ्या अपराधांत निपुत्रिक राहणं सर्वांत मोठं, हे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसचं वचन तर जुन्या पिढीला पाठच असायचं. त्यावर 1980 च्या सुमारास एक-मूल धोरण आलं. पुढे बऱ्याच प्रांतांत ग्रामीण कुटुंबांना सवलत मिळाली, ती अशी की पहिली मुलगी असेल तर आणखी एक मूल होऊ द्यावं. म्हणजे पहिल्या मुलीने घर पुरं होत नाही, हे सरकारनेही कागदावर मान्य केलं! गर्भलिंगनिदान आल्यावर तर 2004 च्या आसपास तिथे 100 मुलींमागे सुमारे 121 मुलगे जन्माला येत होते.

आपण यावर नाक मुरडावं अशी आपली परिस्थिती नाही. साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ नावाच्या 285 मुलींचं जाहीर समारंभात नव्याने बारसं करावं लागलं होतं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. फरक एवढाच की नकुसा हे नाव निदान त्या मुलीबद्दल काहीतरी बोलतं, भले नको म्हणून का होईना. चाओतीत ती मुलगी कुठेच नाही. तिला हाक मारायची आणि निरोप दुसऱ्यालाच पोचवायचा.

कुणी म्हणेल, विचित्र नावं मुलांनाही ठेवतातच की. ठेवतात. उत्तर चीनच्या खेड्यांत ‘कोउशंग’ असं नाव असायचं, म्हणजे कुत्र्याने खाऊन उरलेलं. हेतू आपल्या दगडू-धोंडूसारखाच, असल्या पोरावर दुष्ट शक्तींची नजर पडू नये आणि ते जगावं. पण ते घरातलं लाडाचं नाव. शाळेत घालताना त्याच पोराला भारदस्त मोठं नाव मिळे. चाओती मात्र पुष्कळदा थेट सरकारी कुटुंब-नोंदणीत जाऊन बसे. मुलाचं वाईट नाव त्याला वाचवण्यासाठी आणि मुलीचं नाव त्याला आणण्यासाठी, हा भेद मला तरी फार बोचतो.

सगळ्या चाओती सारख्या नसतात, हेही लक्षात घ्या. काहींच्या नावात ‘ती’ हे अक्षर स्त्रीचं चिन्ह जोडून लिहितात. उच्चार तोच राहतो आणि अक्षराचा अर्थ मात्र ‘भाऊ’ राहत नाही. काहींच्या नावाची अक्षरंच वेगळी, ‘तेजस्वी’सारख्या अर्थाची. नुसत्या रोमन स्पेलिंगवरून यातलं काहीच कळत नाही. तुमच्याकडे चिनी लिपीतलं नाव होतं म्हणूनच एवढं सांगता आलं.

नाव बदलता येतं का? येतं. अठरा वर्षांवरची व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते आणि 2021 पासून लागू झालेल्या नागरी संहितेतही हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मात्र पदवी, बँक, पासपोर्ट सगळीकडे नवं नाव लावत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. तरीही पुष्कळ जणी बदलतात. काही मुद्दाम ठेवतात, त्यांची कारणं त्यांना ठाऊक.

म्हणून अर्थ विचारू नका. बाईंना तो लहानपणापासून माहीत आहे आणि बहुधा बऱ्याच जणांनी त्यावरून चिडवलेलंही असेल. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ एवढंच विचारा. चिनी कचेऱ्यांत आडनाव आणि हुद्दा लावून बोलण्याची रीत आहेच, तसं करायलाही हरकत नाही. फक्त आडनाव आधी येतं, हे विसरू नका. परदेशी लोकांच्या सोयीसाठी कुणी ईमेलच्या सहीत क्रम उलटा लिहितात, तेव्हा दोन्हींतलं आडनाव कोणतं ते आधी खात्री करून घ्या.