भट्टी घ्यावी का? आधी वाणाचा हिशेब बघा

पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४१, खासगी कंपनीत नोकरी, हातात ५२,००० पगार. नवऱ्याचे ६८,०००. घराचा हप्ता ३१,०००, मुलगी नववीत, हप्ता धरून घरखर्च ८५,०००. बँकेत साडेसहा टक्क्यांनी ९ लाखांची एफडी. तीन वर्षांपूर्वी त्या मातीकाम शिकल्या. गेल्या ऑक्टोबरपासून महिन्यातून दोन रविवार घराजवळच्या शेतकरी बाजारात एका कोपऱ्यात टेबल मांडून मग, वाडगे आणि टेराकोटाचे झुमके, गळ्यातली विकतात. एप्रिलअखेर १४ रविवारांत १,१९,००० ची विक्री झाली. आता जूनमध्ये राजीनामा देऊन, साडेचार लाखांची एफडी मोडून, स्वतःची विजेची भट्टी घ्यायचा विचार आहे. विचारतात, "रविवारी सरासरी ८,५०० होतात. ५२ रविवार बसले तर ४ लाख ४२ हजार. भट्टी आली की माल दुप्पट. हिशेब बरोबर आहे ना?"

ताई, गुणाकार बरोबर आहे. हिशेब नाही.

तुमच्या वहीचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक जण मला नुसती विक्री सांगतात. त्या १,१९,००० मधले ३९,००० दिवाळीच्या दोन रविवारांचे आहेत. उरलेल्या बारा रविवारांची सरासरी साधारण ६,६०० पडते, आणि तीच तुमची खरी सरासरी. दिवाळी वर्षातून एकदाच येते.

आता ५२ रविवारांचं. जून ते सप्टेंबर उघड्यावरचं टेबल किती रविवार टिकेल ते तुम्हीच सांगा. शिवाय पावसाळ्यात माती वाळत नाही. बाहेरून कोरडा दिसलेला मग आतून ओला असतो आणि भट्टीत फुटतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे पितृपक्षात दागिने घेणारं गिऱ्हाईक कमी. सगळं वजा जाता ३४ रविवार हाती लागले तर नशीब. बत्तीस साधे आणि दोन दिवाळीचे धरले तर वर्षाची विक्री अडीच लाखांच्या आसपास जाते.

खर्चही तुमच्याच वहीतला घेतो. जागेचं भाडं १४,०००, माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप), हुक, मणी १७,०००, दुसऱ्यांच्या स्टुडिओत भाजणावळ ११,२००, खोकी आणि रद्दी ३,५००, रिक्षा ७,०००. एकूण ५२,७००. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतले चव्वेचाळीस गेले. सात महिन्यांत उरले ६६,३००, महिन्याला साडेनऊ हजार. हेच प्रमाण वर्षभराच्या अडीच लाखांना लावलं तर महिन्याला सुमारे पावणेबारा हजार होतात. तेही बाजाराला येणारी तीच ती माणसं दर रविवारी तुमचे झुमके घेत राहिली तर.

तासांचा रकाना मात्र वहीत कुठेच नाही. तुम्ही लिहिता, सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी दोन तास, शनिवारी सहा, आणि बाजाराच्या दिवशी सात. तीस आठवड्यांचे ५७८ तास भरतात. ६६,३०० भागिले ५७८ म्हणजे तासाला ११५ रुपये. नोकरीत तुम्हाला तासाला अडीचशेच्या वर मिळतात. कलेचं मोल तासात होत नाही, हे मला मान्य आहे. पण घराचा हप्ता तारखेलाच जातो.

भट्टीचं कोटेशन २,६०,०००, चाक ३८,०००, थ्री-फेज वायरिंग आणि शेड ७२,०००, रॅक आणि कच्चा माल ८०,०००. आता बघा, भट्टीने नेमका कुठला खर्च वाचतो? भाजणावळीचा. ती रविवारमागे ८०० पडते. ३४ रविवारांचे २७,२०० रुपये वाचतील, त्यातून वीजबिल वजा. आणि साडेचार लाखांची एफडी आज काहीही न करता तुम्हाला वर्षाला २९,२५० व्याज देते. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि नवऱ्यालाही दाखवा.

विजेचंही बघून घ्या. घरातूनच छोटा धंदा करणाऱ्याला महावितरणच्या घरगुती दरात मुभा आहे, पण महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांपर्यंतच. सहा किलोवॉटची भट्टी आठ तास पूर्ण ताकदीने चालली तर ४८ युनिट होतात. ती मधूनमधून बंद होते म्हणून चाळीस धरू. तुमच्या घरचा वापर १४० आहे. महिन्याला चार भट्ट्या लावल्यात की बरोबर ३०० वर आलात, आणि माल दुप्पट करायचा तर चार पुरणारच नाहीत. सोसायटीची परवानगी हा आणखी वेगळा विषय, त्यावर मी न बोललेलंच बरं.

पण भट्टीला माझा खरा विरोध याहून साधा आहे. तुमची अडचण मालाची नाहीच. वहीत प्रत्येक रविवारच्या शेवटी "परत आणले" असा रकाना आहे आणि त्यात दर वेळी दहा-बारा मग आहेत. भट्टी आली की हा आकडा वीस-बावीस होईल.

मी मुद्दाम एका रविवारी आमच्याकडच्या शेतकरी बाजारात तासभर उभा राहिलो. तिथेही एक मुलगी मातीची भांडी घेऊन बसली होती. एक काकू आल्या, काखेत मेथीची जुडी, हातात टोमॅटोची पिशवी. मग उचलला, टिचकी मारून आवाज ऐकला, तळाला चिकटवलेली किंमत वाचली, साडेतीनशे. "छान आहे हो," म्हणून ठेवून दिला. टोमॅटोच्या पिशवीत तो टाकायचा तरी कसा? मग शेजारच्या ट्रेमधले दीडशेचे कानातले कानाला लावून मोबाइलमध्ये बघितले आणि दोन जोड घेतले. दह्याचं गाडगंही त्यांनी हातात घेतलं होतं, पण कुंभारवाड्यात ते स्वस्त मिळतं हे पुण्यातल्या काकूंना कोणी सांगावं लागत नाही.

तुमची वहीही तेच सांगते. ७१,००० दागिन्यांचे, ४८,००० भांड्यांचे. मगाला चाक, नंतर कड काढणं, कान जोडणं, कच्ची भाजणी, ग्लेझ, पक्की भाजणी, आणि तुमच्याच नोंदीप्रमाणे सहातला एक तडकतो. झुमक्यांचा जोड वीस-पंचवीस मिनिटांत होतो, भट्टीत वीतभर जागेत चाळीस जोड मावतात आणि ते घरी न्यायला वेगळी पिशवी लागत नाही. मग बनवणं सोडा असं मी म्हणत नाही, तुमचा जीव त्यातच आहे हे पत्रातून कळतं. पण ते मोजके करा आणि ऑर्डर आली तर करा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता कंसात लिहिली आहे: "जानेवारीत एका बाईंनी हळदीकुंकवाच्या वाणासाठी ६० छोट्या कोयऱ्या नेल्या, ते यात धरलेलं नाही." का नाही धरलं? ५५ रुपयांप्रमाणे ३,३०० आले, माती-भाजणीचे ७०० गेले, अकरा तास लागले असं तुम्हीच म्हणता. तासाला २३६ रुपये झाले, बाजाराच्या दुप्पट. जागाभाडं नाही, ऊन नाही, एकही नग परत आणावा लागला नाही. संक्रांत ते रथसप्तमी पुण्यात किती घरी वाण लुटतात! त्याआधी नवरात्र येतं. नऊ रंगांच्या साड्या ऑफिसला नेसून जाणाऱ्या बायकांना नऊ रंगांच्या कानातल्यांचा एकच संच विकता येतो. तुमच्या स्वतःच्या ऑफिसातच पहिलं गिऱ्हाईक मिळेल. राख्याही आहेत. अशा ऑर्डरींना निम्मे पैसे आगाऊ मागता येतात आणि नेमकं किती भाजायचं ते आधी कळतं.

बाजार सोडू नका, पण त्याच्यावर संसार टाकू नका. हे बाजार मुळात शेतमालासाठी आहेत. पणन मंडळाच्या संत सावता माळी आठवडे बाजार अभियानाचा हेतूच शेतकऱ्याचा माल थेट ग्राहकाच्या पिशवीत जावा हा. तुमचा कोपरा ही आयोजकांची मेहेरबानी आहे, लेखी काही नाही. उद्या तिथे आंबेवाला आला तर तुम्हाला उठावं लागेल आणि तक्रार करायलाही जागा नाही.

आता राजीनाम्याचं. तुम्ही सोडलीत नोकरी तर ६८,००० मध्ये ८५,००० चा खर्च बसवायचा आहे, दर महिन्याला १७,००० कमी. कंपनीचा आरोग्य विमा जाईल, त्याचा हप्ता वेगळा. सहा महिन्यांच्या खर्चाचे ५,१०,००० हात न लावता ठेवायचे असतात. साडेचार लाख मोडले की उरतात साडेचारच. आणि येत्या फेब्रुवारीत तुमची या कंपनीत पाच वर्षं पूर्ण होतात. मूळ पगार २८,००० धरला तर पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने (दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा) ग्रॅच्युइटी सुमारे ८०,७०० बसते. जूनमध्ये सोडलंत तर ती शून्य. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर करही लागू शकतो. त्यामुळे मार्चच्या आधी राजीनाम्याचा विषय घरात काढूसुद्धा नका.

मार्चमध्ये काय बघायचं? दिवाळी वगळून सलग सहा महिने महिन्याला २०,००० सुटले का, त्यातले निम्मे बाजाराबाहेरच्या ऑर्डरींतून आले का, आणि तासाचा दर दोनशेवर गेला का. गेला असेल तर मला पुन्हा लिहा, मग राजीनाम्याबद्दल बोलू. तोवर हवंच असेल तर चाक घ्या, ३८,००० चं. तेही एफडी न मोडता, विक्रीतून उरलेल्या पैशांतून.

कर्जाचं विचारलंत. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे, व्याज पाच टक्के आहे, सगळं खरं. पण ती पारंपरिक व्यवसायात स्वयंरोजगार करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, ज्यांचं पोट त्यावर आहे. नोकरीत असताना तुम्ही त्यात बसत नाही, आणि बसवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहाही पाजू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मात्र करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. जीएसटी तुमच्यापासून फार लांब आहे, मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा आहे. आयकर विवरण या वर्षीपासून आयटीआर-१ मध्ये चालणार नाही, पगारासोबत धंद्याचं उत्पन्न आलं की गृहीत नफ्याच्या (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरायच्या) सोयीसाठी आयटीआर-४ भरा. आणि नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा.

भट्टीवाल्याने १५ तारखेपर्यंत सवलत ठेवलीय म्हणता. त्याला आजच फोन करून नाही म्हणून टाका. दुसरा फोन त्या वाणवाल्या बाईंना. पुढच्या संक्रांतीला किती लागतील ते विचारा, आणि त्यांच्या भिशीत आणखी किती जणी आहेत तेही.