भाकरी मागाहून का येते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं : सगळं घर घेऊन गावाकडच्या हाटेलात किंवा ढाब्यावर जेवायला गेलात, तर जेवण कुठे जमलं, कुठे फसलं? खानदेशातून भरपूर पत्रं आली. त्यातल्या ज्या प्रश्नांचं उत्तर बहुतेकांच्या कामी येईल, ते इथे घेतले आहेत.

*आम्ही अकरा जण रविवारी दुपारी दीडला महामार्गालगतच्या एका ढाब्यावर गेलो. शेवभाजी दहा मिनिटांत टेबलावर आली, भाकरी पाऊण तासानं आली, तीही एकेक. तोवर शेवेचा पार गोळा झाला होता. पोरं भुकेनं रडकुंडीला आली. चूक कोणाची?*
— एक भगिनी, अमळनेर

चूक हिशेबाची आहे, आणि तो हिशेब ढाबेवाल्यानं तुम्हाला ऑर्डर घेतानाच सांगायला हवा होता. चुलीवरची एक भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची आणि शेवटी विस्तवाशी फुगवायची, याला तीन ते साडेतीन मिनिटं लागतात. अकरा जणांना, पोरांच्या अर्ध्या धरूनही, अठरा भाकरी लागतात. चुलीपाशी एकच बाई आणि एकच तवा असेल, तर झाला एक तास. तोही दुसऱ्या टेबलाची ऑर्डर नसेल तर, आणि रविवारी दीड वाजता ती असतेच.

म्हणून बसण्याआधी चुलीकडे एक नजर टाका आणि सरळ विचारा, “ताई, किती तवे चालू आहेत?” एकच असेल, तर निम्म्या जणांना पोळी किंवा बट्टी (कणकेचे तळलेले गोळे) सांगा. निघताना फोन करून “बारा वाजता अकरा माणसं, वीस भाकरी” एवढं कळवलं तर फारच बरं. बारा ही वेळ मुद्दाम सांगतो आहोत : तेव्हा पीठ ताजं मळलेलं असतं, विस्तव बसलेला असतो आणि बाईचे हात थकलेले नसतात. कडा चिरलेली भाकरी पानात आली, तर बहुतेक वेळा पीठ जुनं असतं. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुढे गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि ते थापताना फाटतं.

आता शेवेचं. रश्श्यात पडल्यावर भाजीची जाड शेव पाच-सात मिनिटंच नीट राहते. बाहेरून मऊ आणि आत किंचित करकरीत, ही तिची खरी वेळ. पुढे ती रस्सा पिते आणि फुगते. पिठात सोडा जास्त असेल तर शेव विरघळते आणि रस्सा पिठल्यासारखा दाट होतो. त्यामुळे सांगताना असं सांगा : “रस्सा उकळता आणा, शेव ताटलीत वेगळी, भाकरी आल्यावर आम्हीच टाकू.” चांगला ढाबा याला कधी नाही म्हणत नाही. चौघांना पाव किलो शेव आणि लिटरभर रस्सा पुरतो.

*तर्री भरपूर होती, पण रस्सा पाणचट लागला. असं कसं?*
— एक वाचक, धुळे

तर्री वरून ओतलेली असणार. चमच्यानं ती बाजूला सारा आणि खालचा रस्सा बघा. तो फिका, पातळ आणि खाली चोथा बसलेला दिसला, तर मसाला परतलाच गेलेला नाही. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि आलं यांचं वाटण मंद आचेवर कडेनं तेल सुटेपर्यंत परतावं लागतं. त्यानंतर काळा मसाला आणि तिखट घालायचं, आणि मगच पाणी. हे पाणी उकळतं हवं. गार पाणी ओतलं की तेल वाटणात अडकून बसतं, तर्री वर येत नाही. घाईच्या हाटेलात मग लाल तेलाचं वेगळं पातेलं ठेवतात आणि वाढताना पळीभर वर सोडतात. डोळ्याला छान दिसतं, पण रात्री छातीत जळजळतं.

*पाहुण्यांना खास भरीत खायला नेलं. ते कडू निघालं आणि ताटात पाणी सुटलं. महिना मे होता, तेवढं कळवते.*
— एक भगिनी, पाचोरा

तुम्ही महिना कळवलात तिथेच अर्धं उत्तर आलं. भरीत हे हिवाळ्याचं जेवण. पाऊस सरल्यापासून थंडी संपेपर्यंत आपल्याकडची मोठी, हिरवट-पांढरी वांगी बाजारात असतात. जळगावच्या याच भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा गर भरपूर, बिया कमी, साल पातळ. मे महिन्यात हाटेलवाला मिळेल ते जांभळं वांगं घेतो आणि गॅसवर भाजतो. वांगं जून असेल तर बियांचा कडवटपणा उतरतो, जळक्या सालीचे तुकडे राहिले तर त्यांचाही.

पाणी सुटायची कारणं तीन. भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलतात, हे पहिलं आणि सगळ्यात वाईट, कारण धुराचा वासही त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. दुसरं, सोललेला गर चाळणीत दहा मिनिटं निथळू देत नाहीत. तिसरं, मीठ फार आधी घालून ठेवतात.

नीट भरीत असं होतं : कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी आणि हिरव्या मिरच्या भाजायच्या. हात ओला करकरून साल काढायची. बडगीत, म्हणजे ठेचायच्या खोलगट लाकडी भांड्यात, आधी मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचायचं, मग गर घालून ठेचायचं. मिक्सरमध्ये त्याची खीर होते, बडगीत रेषा राहतात. फोडणीत शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि उतरवताना कोथिंबीर. किलोभर वांग्यांत चौघं पोटभर जेवतात. सोबत कळण्याची भाकरी मागा, म्हणजे चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालीसकट उडीद आणि मीठ एकत्र दळलेलं पीठ. उडदामुळे ती भाकरी गार झाली तरी वातड होत नाही, त्यामुळे मोठ्या पंगतीला तीच सोयीची.

उन्हाळ्यात पाहुणे आले तर भरताचा हट्ट सोडा. वरण-बट्टी सांगा. फक्त बट्टी सकाळची तळून ठेवलेली आहे की आता तळणार, हे विचारून घ्या. दुसऱ्यांदा तळलेली बट्टी बोटानं दाबली की तेल सोडते आणि आत पिठूळ लागते.

*लहान मुलं आणि ऐंशीच्या आजी सोबत असतात. सगळंच झणझणीत, मग त्यांनी खायचं काय?*
— एक वाचक, शहादा

तूरडाळीची खिचडी आणि कढी. बसल्याबसल्या पहिली ऑर्डर तीच द्या, कारण ताजी शिजायला अर्धा-पाऊण तास जातो. आजींना गरम भाकरी दुधात किंवा साध्या वरणात कुस्करून द्या, वर तुपाची धार. त्यांना रक्तदाब असेल तर पापड, ठेचा आणि लोणचं ताटात येऊच देऊ नका, मीठ तिथेच जास्त असतं. आणि “कमी तिखट करा” असं सांगून भागत नाही. वाटण सकाळीच झालेलं असतं, तिखट त्यातून निघत नाही.

*बिलात सेवा शुल्क लावलं, वर जीएसटीही. द्यावं का?*
— एक वाचक, भुसावळ

सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटीचं वेगळं : साध्या हाटेलाला 5 टक्के. पण ज्यानं कंपोझिशन योजना (छोट्या व्यावसायिकांसाठीची, उलाढालीवर ठरावीक कर भरायची सोय) घेतली आहे त्याला गिऱ्हाइकाकडून तो घेता येत नाही, आणि गावाकडच्या छोट्या हाटेलांत असे पुष्कळ असतात. म्हणून कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, छापील बिल मागा. त्यावर जीएसटी क्रमांक आणि 14 आकडी अन्न परवाना क्रमांक आहे का ते बघा.

*यावलच्या बाजूला एका शेतातल्या छोट्या हाटेलात फार सुरेख जेवलो. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला तिथेच पंचवीस माणसांना मांडे सांगायचे आहेत. काय काय ठरवून घ्यावं?*
— एक भगिनी, फैजपूर

मनापासून आनंद वाटला, कारण असं कळवणारी पत्रं कमी येतात. त्या हाटेलवाल्यालाही जाऊन सांगा. चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत हे सहसा पोचत नाही.

मांड्यांना एक दिवस आधी सांगणं भागच आहे. बारीक चाळलेली कणीक भिजवून, तेल-पाण्यानं तिंबून इतकी लवचिक करावी लागते की पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरतो आणि फाटत नाही. मग तो उलट्या मातीच्या खापरावर टाकतात. ही कला प्रत्येक भाकरी करणाऱ्या बाईला येतेच असं नाही, म्हणून पहिला प्रश्न हाच : मांडे करणार कोण, आणि खापरं किती? पंचवीस माणसांना तीस मांडे धरा. दोन खापरं आणि दोन जणी हव्यात, नाहीतर शेवटच्या पानाला पहिला मांडा थंड मिळतो. सगळ्यांना एकदम बसवू नका, बारा-तेरांच्या दोन पंगती करा. पहिलीत सासूबाई, वडीलधारी आणि मुलं.

पुरणाला हरभरा डाळ तीन किलो आणि गूळ तेवढाच हे सढळ हाताचं माप आहे, ते तुमच्यासमोर ठरू द्या. पुरण सैल झालं की मांडा खापरावर फुटतो, म्हणून ते आदल्या संध्याकाळी शिजवून कोरडं केलेलं असावं. सोबत पुरणाच्या येळवणीची, म्हणजे डाळ शिजवून काढलेल्या पाण्याची, तिखट रशी, भात, भजी. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचा दिवस असेल तर आमरस सांगा, माणशी पाव लिटर, आणि तो साखर-पाण्यानं वाढवलेला नको हे आधीच बोला.

ताटाचा दर, मुलांचा दर, जास्तीच्या मांड्याचे पैसे आणि वेळ, एवढं कागदावर लिहून घ्या आणि तिसरा हिस्सा आगाऊ द्या. तळलेल्या कुरडया हव्या असतील तर आजच विचारा. त्या तळायला मिनिट लागतं, पण उन्हाळ्यात घालून वाळवून ठेवलेल्या असल्या तरच पानात येतात.