डॉक्टरांना विचारा : आत्याचा आजार, भाचीची काळजी

प्रश्न : मी ४६ वर्षांची, राजेंद्रनगरला राहते. दिवाळीनंतर माझ्या नणंदेला स्तनाचा कॅन्सर निघाला. वन्सं अवघ्या ४१ वर्षांच्या. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. माझ्या माहेरी हा आजार कुणालाच नाही, म्हणजे मला धोका नाही ना? तरी जीव थाऱ्यावर नाही. भिशीत एक म्हणते काळी ब्रेसियर घालू नकोस, दुसरी म्हणते डिओ बंद कर. सासूबाई रोज रात्री हळदीचं दूध प्यायला लावतात. मुलगी १७ वर्षांची आहे. आम्ही दोघींनी रोजच्या जगण्यात काय सांभाळायचं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : वन्संशी तुमचं रक्ताचं नातं नाही, त्यामुळे त्यांच्या आजाराने तुमचा धोका वाढत नाही. पण तुमच्या मुलीची ती सख्खी आत्या आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ‘घरात कुणाला होता का?’ असं विचारलं, की त्या आई, मावशी, आजी एवढं मोजतात आणि थांबतात. वडिलांची बहीण, वडिलांची आई कुणाला आठवतच नाही! बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही दोन जनुकं १९९४ आणि १९९५ मध्ये सापडली. त्यांत दोष असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. त्यांतला दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलाकडे-मुलीकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. वडील स्वतः ठणठणीत असले तरी.

लगेच धास्ती घेऊ नका. स्तनाच्या कॅन्सरपैकी जेमतेम ५ ते १० टक्के असे वारशाने आलेले असतात. पण ४१ हे वय कमी आहे, म्हणून चौकशी व्हायला हवी. ती तुमच्या मुलीपासून नव्हे, वन्संपासून सुरू करायची. त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा, जनुकांची तपासणी झाली आहे का. साधं रक्त घेऊन होते, आणि तिच्या निकालावर खुद्द वन्संचे पुढचे उपचार बदलू शकतात, तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोच नको. दोष सापडला तर मग तुमच्या यजमानांची तपासणी. त्यांच्यात तो नसेल, तर मुलीकडे तो त्या बाजूने येणार नाही. असेल, तर मुलगी सज्ञान झाल्यावर, समुपदेशकाशी बोलून, तिने स्वतः ठरवावं. आत्ता १७ व्या वर्षी तिची कसलीही तपासणी नको. दरम्यान सासूबाईंना एवढंच विचारा, की त्यांच्या किंवा सासऱ्यांच्या बाजूला कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का. तो याच जनुकांमुळे होऊ शकतो. (ही विचारपूस खरं तर भावाने करायची. आपल्याकडे अशा वेळी नेहमी वहिनीलाच का पुढे करतात, कोण जाणे.)

आता तुमच्याबद्दल. माहेरी कुणाला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. हा आजार होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. वय वाढतं तसा धोका वाढतो. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं किंवा न होणं, यानेही वाढतो. अंगावर पाजल्याने कमी होतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी २००२ मध्ये एकत्र मांडली गेली, त्यात पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी उतरलेला दिसला. पण या झाल्या होऊन गेलेल्या गोष्टी.

हातात आहे ते वजन. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवायचं थांबवतात, पण अंगावरची चरबी ते बनवतच राहते, आणि या कॅन्सरला त्याचं खतपाणी मिळतं. म्हणून पन्नाशीच्या आसपास चढणारं वजन नडतं. मी इंदूरचीच आहे. पोह्यांवरची सेव सोडा, थंडीत गराडू खाऊ नका, असं सांगणार नाही. सांगितलं तर मीच पाळणार नाही. पण रात्री जेवून परत सराफ्यात खायला जाणं, आणि तेही गाडीवरून, याचा हिशेब कुठेतरी होतोच. आठवड्याला निदान १५० मिनिटं चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. बागेत दोन फेऱ्या आणि बाकावर तासभर गप्पा, यातल्या फक्त फेऱ्या मोजायच्या.

दारूचा विषय काढला की बायका ‘छे, आमच्याकडे नाही’ म्हणतात. आता तरुण मुलींच्या पार्ट्यांत वाइन असते, म्हणून लिहिते : रोजच्या एका ग्लासानेही हा धोका वाढतो. पाळी जातानाच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या घ्यायची वेळ आली तर किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मैत्रिणीची चिठ्ठी चालवू नका.

काळी ब्रेसियर नि डिओ, दोन्ही निर्दोष. हळदीच्या दुधाने कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. सासूबाईंशी वाद न घालता प्या, साखर तेवढी कमी घाला.

आता तपासणी. शांघायमध्ये सुमारे एक लाख तेहतीस हजार कामगार बायकांना स्वतःचे स्तन कसे तपासायचे ते शिकवलं, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर मोठा प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी, नुसत्या हातांनी तपासणी केली. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, काही नाही! सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी आहे, तिथे जा. तुमच्या वयाला एकदा मॅमोग्राफीही, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करा, पुन्हा केव्हा ते डॉक्टर सांगतील.

घरी एवढं करा : पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी सपाट दाबत फिरा. चिमटीत धरू नका, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. वर गळ्याच्या हाडापर्यंत, बाजूला काखेत. मग आरशासमोर हात वर करून बघा : कातडी कुठे आत ओढली जाते का, बोंड आत गेलंय का, त्यातून रक्त येतं का. दुखणारी गाठ घेऊन बाई दुसऱ्या दिवशी येते, आणि ती बहुधा साधी निघते. न दुखणारी पदराखाली सहा-सहा महिने राहते. ‘दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही,’ हे वाक्य ओपीडीत ऐकून माझे कान किटले आहेत.

प्रश्न : वय ६३, पुरुष. डाव्या स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी कडक गाठ लागते. दुखत नाही. हा बायकांचा आजार, म्हणून कुणाला बोललो नाही. – एक वाचक, इंदूर

उत्तर : या आठवड्यातच जनरल सर्जनकडे जा. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो. वयामुळे किंवा रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही तिथे फुगवटा येतो, तो पुष्कळदा दोन्हीकडे असतो आणि दाबला की दुखतो. तुमची गाठ एकाच बाजूला, कडक, न दुखणारी, म्हणून घाई करा. सुई घालून तुकडा काढतील. सुईने कॅन्सर पसरतो हे खरं नाही, तेव्हा नाही म्हणू नका. चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. आणि रिपोर्टमध्ये काही निघालं तर लपवू नका. तुम्हाला बहिणी-मुली असतील तर त्यांना आधी सांगा, त्यांच्या डॉक्टरांना ते कळणं भाग आहे.