बायोलाचा फॉर्म भरायच्या आधी एक कोरं पान घ्या

नगरच्या ताई, जय ख्रिस्त. तुमचा मेल दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, यांचा मुलगा बारावी झालाय, त्याला सिनेमाचं शिकायचंय, आणि पुण्यातल्या एका एजंटने लॉस एंजेलिसची बायोला युनिव्हर्सिटी सुचवलीय, "ख्रिस्ती कॉलेज आहे, हॉलीवूड शेजारी, पोरगं बिघडणार नाही" असं सांगून. मुलगा म्हणतो आपण ख्रिस्तीच आहोत ना, मग प्रॉब्लेम काय. बाबांना पैशांची काळजी आणि ताईंना वेगळीच, की हे लोक फार कट्टर तर नाहीत ना.

आधी हॉलीवूडचं. कॅम्पस ला मिराडा नावाच्या गावात आहे, पार ऑरेंज काउंटीला खेटून, ट्रॅफिक असेल तर तासभर तरी धरा. एजंटने नकाशा बघितला नसावा.

आता मुख्य मुद्दा. बायोला हे कुणा माणसाचं नाव नाही, बायबल इन्स्टिट्यूट ऑफ लॉस एंजेलिस याची ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत आणि त्यातच सगळी कुंडली आलीय. १९०८ साली लायमन स्टुअर्ट नावाच्या तेलाच्या धंद्यातल्या माणसाने, युनियन ऑइल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, टी. सी. हॉर्टन या प्रेस्बिटेरियन पंथाच्या पाळकाला बरोबर घेऊन ही संस्था काढली. उद्देश साधा होता, सामान्य माणसांना बायबल शिकवायचं आणि सुवार्ता सांगायला बाहेर पाठवायचं. पुढे चीनमध्ये हुनानलाही यांनी बायबल शाळा चालवली. त्या काळात अमेरिकेतल्या चर्चमध्ये मोठं भांडण पेटलेलं, एका बाजूला डार्विन आणि जर्मन पंडितांची बायबलची चिकित्सा मान्य करणारे, दुसऱ्या बाजूला बायबलमधला शब्द न् शब्द खरा म्हणणारे. स्टुअर्ट दुसऱ्या बाजूचा, आणि नुसता बोलणारा नव्हे, त्याने आणि त्याचा भाऊ मिल्टनने स्वतःच्या पैशाने १९१० ते १९१५ मध्ये 'द फंडामेंटल्स' (म्हणजे मूलतत्त्वं) नावाचे १२ खंड छापून पाळकांना, मिशनऱ्यांना फुकट पोस्टाने पाठवले, जवळपास ३० लाख प्रती! फंडामेंटलिस्ट, म्हणजे आपण ज्याला कट्टर म्हणतो, हा शब्द पुढे रूढ झाला तो याच सगळ्यातून. शेवटचे खंड संपादित करणारे आर. ए. टोरी १९१२ पासून बायोलाचे डीन होते. म्हणजे ताई, कट्टर हा शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलात तरी त्याचा उगम त्यांच्याच अंगणातला आहे हो, आणि तेव्हा ते तो अभिमानाने मिरवायचे.

नंतर संस्था बदलत गेली. १९४९ ला कॉलेज झालं, १९५९ ला लॉस एंजेलिस शहरातून ला मिराडाला आले, १९८१ ला युनिव्हर्सिटी. मानसशास्त्र, बिझनेस, नर्सिंग, सगळं आलं. डिग्रीला तिकडची रीतसर मान्यता आहे, त्याची चिंता नको. गंमत अशी की एके काळी अशा बऱ्याच बायबल कॉलेजांत सिनेमाला जाणं म्हणजे पाप, आणि आज यांचं स्वतःचं फिल्म स्कूल आहे. पण विश्वासाचं विधान मात्र ढिलं झालेलं नाही. ते त्यांच्या वेबसाइटवर उघड ठेवलंय, लपवाछपवी नाही, मला तर हा प्रामाणिकपणा आवडतो. बायबल मूळ लिखाणात निर्दोष, येशू शरीरासह उठला, विश्वास न ठेवणाऱ्यांना सार्वकालिक शिक्षा, माणूस देवाने थेट घडवला, आधीच्या कुठल्या जिवापासून तो झाला नाही, असं सगळं. शिकवणाऱ्यांना हे मान्य करूनच नोकरी मिळते.

विद्यार्थ्यांना काय? पदवीला येणारा स्वतः विश्वासणारा हवा ही अट आहे, अर्जात आपल्या श्रद्धेबद्दल लिहावं लागतं. पोराचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, सिनेमा असो की अकाउंट्स, बायबल आणि धर्मशास्त्राचे विषय सक्तीचे, मायनर, म्हणजे दुय्यम विषय, होईल इतके. चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनासभेला, ठरावीक हजेरी. दारू, सिगरेट बंद, लग्नाबाहेर संबंध नकोत आणि लग्न म्हणजे एक पुरुष एक स्त्री हीच व्याख्या. अमेरिकेतल्या १९७२ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात धार्मिक संस्थांना सूट आहे, त्यामुळे हे तिथे कायद्यात बसतं. मुलाला यातलं काही जाचणार असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

तुमच्या मुलाचं "आपण ख्रिस्तीच आहोत" हे वाक्य इथे अडखळतं बघा. तुमची मंडळी सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, पणजोबांना अमेरिकन मराठी मिशनच्या काळात बाप्तिस्मा झालेला, घरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, लहानपणी बाप्तिस्मा, मोठेपणी दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये श्रद्धेची जाहीर कबुली. नगरमध्ये एवढं पुरतं. बायोलासारख्या इव्हॅन्जेलिकल, म्हणजे स्वतःच्या अनुभवातून आलेल्या श्रद्धेवर भर देणाऱ्या, माणसाला तेवढं पुरत नाही, तो विचारणार की ठीक आहे, पण तुझा नवा जन्म कधी झाला, म्हणजे तू स्वतः ख्रिस्ताला कधी स्वीकारलंस? हे आपल्याकडे समजून घ्यायला पंडिता रमाबाईंइतकं चांगलं उदाहरण नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटायला त्यांना आणखी जवळपास आठ वर्षं लागली. त्या मधल्या आठ वर्षांतच तुमचा मुलगा असेल तर काही बिघडलं नाही, पण त्याने तसं खरं लिहावं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा एक जुना विद्यार्थी, तुमच्यासारख्याच घरातला, अशाच एका दुसऱ्या कॉलेजात गेला, त्याच्या अर्जातलं श्रद्धेचं पान एजंटने लिहून दिलेलं. पहिल्याच शनिवारी होस्टेलची पोरं जमिनीवर गोल करून बसली, पॉपकॉर्नचा बाऊल मध्ये, एकेक जण डोळे मिटून आपापल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करतोय, कुणी आजारी आजीसाठी तर कुणी गणिताच्या टेस्टसाठी. याची पाळी आली, याने घडाघडा "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मराठीत म्हणून टाकलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर सगळे अजून मिटून बसलेले, हा पुढे स्वतःचं काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत. पोरं गोड होती, कुणी हसलं नाही, पण हा मला व्हिडिओ कॉलवर म्हणाला मॅडम, मला तिथे खोटं पकडल्यासारखं झालं. दोन सेमिस्टरनंतर परत आला.

म्हणून एवढंच करा. मुलाला एक कोरं पान द्या, मोबाईल बाजूला, तुम्ही किचनमध्ये, आणि येशू माझ्यासाठी कोण आहे हे त्याला मराठीत लिहू दे. पान भरलं तर बायोला त्याच्यासाठी खरंच चांगली जागा ठरू शकते, श्रद्धा आणि कॅमेरा दोन्ही गंभीरपणे घेणारी माणसं एकाच ठिकाणी सहसा मिळत नाहीत. पान कोरं राहिलं तर रागावू नका, पुण्यातच मास कम्युनिकेशनची पदवी करू दे आणि मग एफटीआयआयची, म्हणजे पुण्यातल्याच सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची तयारी, तिथल्या बहुतेक कोर्सना तशीही आधी पदवी लागते.

बाबांना सांगा, नुसती ट्युशन फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं धरून चार वर्षांचे दोन कोटींच्या घरात जातात. स्कॉलरशिप मिळते, पण किती ते लेखी आल्याशिवाय घर गहाण ठेवायचा विचारही नको. आणि एजंटने "फॉर्म फी" म्हणून जे घेतलेत त्याची पावती मागा, श्रद्धेचं पान मी लिहून देतो असं म्हणाला तर ते पैसेही परत मागा.