दारू सुटली, पण उदासी सुटत नाही

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे असून सूतगिरणीत फिटर आहेत. बरीच वर्षे पिण्यात गेल्यावर व्यसनमुक्ती केंद्रात राहून त्यांनी दारू सोडली, त्याला आता सात महिने झाले. ए.ए.ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेची, मीटिंग ते चुकवत नाहीत. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरात रोज सण असल्यासारखे गेले. त्यानंतर मात्र ते हळूहळू गप्प होत गेले. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच, मग स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहतात. जेवण निम्म्यावर आले आहे. परवा मुलीला म्हणाले, "पीत होतो तेव्हा निदान तुमच्यावर ओरडत तरी होतो, आता काहीच वाटत नाही." मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी लिहून दिली आहे, पण त्यांचे स्पॉन्सर, म्हणजे ए.ए.मधले त्यांना मार्गदर्शन करणारे जुने सभासद, म्हणतात की गोळीच्या आधाराने राहणारा माणूस सोबर (व्यसनमुक्त) नव्हेच. सासूबाईंना दारूच्या जागी गोळ्यांचे व्यसन लागेल अशी भीती वाटते. त्यामुळे चिठ्ठी अजून कपाटातच आहे. झोपेसाठी मात्र ओळखीच्या मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलमची गोळी ते अधूनमधून घेतात. नुसत्या समुपदेशनाने भागेल का? की गोळ्या चहातून द्याव्यात?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. ज्या गोळीचे व्यसन लागत नाही ती तुमच्या घरात कपाटात पडून आहे आणि जिचे लागू शकते ती मात्र पोटात जाते आहे. अल्प्राझोलम ही बेन्झोडायझेपिन गटातली गोळी आहे. दारू मेंदूतल्या ज्या यंत्रणेवर काम करून गुंगी आणि तात्पुरती शांतता देते, त्याच यंत्रणेवर ही गोळीही काम करते. म्हणूनच दारू तोडताना कंप आणि फिट येऊ नयेत यासाठी केंद्रात या गटातली औषधे काही दिवस, देखरेखीखाली, दिली जातात आणि मग कमी करत बंद केली जातात. ज्या माणसाला दारूची सवय लागली होती त्याला या गोळ्यांची सवय लवकर लागते, आणि चुकून त्यावर दारू घेतली गेली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने बंदी आहे, हे ओळखीच्या दुकानदारालाही ठाऊक असते. ते ती रोज घेत असतील तर मात्र एकदम बंद करू नका; किती आणि कधीपासून घेतात ते डॉक्टरांना खरे सांगा.

एसिटॅलोप्रामची गोष्ट निराळी आहे. या गोळीने झिंग येत नाही, घेतल्याबरोबर बरेही वाटत नाही. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी जाणवते आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुरता परिणाम कळायला त्याहूनही अधिक. काही पुरुषांना लैंगिक इच्छा कमी झाल्याचे जाणवते आणि संकोचापोटी ते कारण न सांगता गोळी सोडून देतात, म्हणून याची कल्पना आधीच दिलेली बरी. दारू सोडलेल्या माणसाच्या यकृताची तपासणी करूनच मात्रा ठरवतात. रक्ताचा तो रिपोर्ट जुना असेल तर पुन्हा करून घ्या.

आता, ही उदासी दारूमुळेच आलेली नाही कशावरून, असे कोणीही विचारील. शंका रास्त आहे. दारू स्वतःच मन खाली ओढते, आणि पिणे थांबल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत बऱ्याच जणांची उदासी औषधाविना ओसरते. म्हणून सुरुवातीला डॉक्टर कित्येकदा थोडे थांबून पाहतात. तुमच्या यजमानांची उदासी मात्र दारू सुटल्यावर, काही चांगले महिने गेल्यावर आली आणि टिकून राहिली आहे. पहाटेची जाग, उतरलेली भूक, मुलीविषयीही काही न वाटणे, ही सगळी नैराश्य या स्वतंत्र आजाराची लक्षणे आहेत. केंद्रातून आल्यावर घरचे कौतुक संपते, कर्जाचे हप्ते आणि गमावलेली वर्षे समोर उभी राहतात, आणि इतकी वर्षे ज्याने हे सारे झाकले होते ते हाताशी नसते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा पाहून घ्या. शिवाय दारू न पिताही कधी अनेक दिवस झोपेविना प्रचंड उत्साह, वायफळ खर्च, बडबड असे झाले होते का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. तसे असेल तर आजार निराळा असू शकतो आणि औषधच बदलावे लागते.

स्पॉन्सरांशी भांडू नका. त्यांच्याच आधाराने तुमचे घर उभे राहिले आहे आणि झोपेच्या गोळ्यांत अडकलेले साथी पाहिलेला माणूस सगळ्याच गोळ्यांना घाबरणार. मात्र सभासदांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये, ही भूमिका ए.ए.ने आपल्या पुस्तिकेत स्पष्टपणे मांडली आहे. १९३५ मध्ये ही संघटना सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, बिल विल्सन, दारू सुटून जवळपास दहा वर्षे झाल्यानंतर तीव्र नैराश्यात सापडले. ते नैराश्य अनेक वर्षे चालले आणि त्यासाठी त्यांनी मानसोपचार घेतले. त्यांची सोबरायटी त्यामुळे गेली नाही. शक्य असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला स्पॉन्सरांनाही सोबत न्या.

समुपदेशन की गोळी, हा तुमचा प्रश्न मला असा सोडवावासा वाटतो : उदासी सौम्य असती तर समुपदेशनाने सुरुवात करा असे मी म्हणालो असतो, पण जेवण आणि झोप दोन्ही गेली आहेत, तेव्हा दोन्ही हवे. दारू आणि नैराश्य, दोन्ही आजारांवर एकाच वेळी इलाज करण्याचा फायदा दाखवणारा एक अभ्यास अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही आजार असलेल्या १७० जणांना त्यात १४ आठवडे औषधे दिली गेली. नैराश्यावरचे सर्ट्रालिन आणि पिण्याची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन एकत्र घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दारूपासून पूर्ण दूर राहिले. यांपैकी एकच औषध, किंवा नुसती औषधासारखी दिसणारी गोळी, घेणाऱ्यांत हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास होते. या सर्वांना दर आठवड्याला समुपदेशनही होते, हे विसरू नये. तुमच्या डॉक्टरांना नाल्ट्रेक्सोनविषयी अवश्य विचारा.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ' या संस्थेने मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना तयार करून नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला आणि तो उपयोगी ठरल्याचे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याचा गाभा अगदी साधा आहे : मन लागेल तेव्हा काम करू, असे न म्हणता ठरलेल्या वेळी लहानसे काम करायचे आणि मनावर काय परिणाम झाला ते पाहायचे. "कामात मन रमवा" या घरगुती सल्ल्यात आणि यात फरक असा की इथे काम माणसाच्या सध्याच्या ताकदीइतकेच मापून दिलेले असते. साडेतीनला जाग आली तर अंधारात न बसता दिवा लावणे, पाचला दूध आणायला चालत जाणे, परत आल्यावर मनाला दहापैकी किती गुण ते वहीत लिहिणे. पहिल्या आठवड्याला इतके पुरते.

चहातून गोळी कदापि देऊ नका. दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम भाजीत मिसळण्याचा प्रकार आपल्याकडे बायका अगतिकतेने करतात. त्यावर नवरा प्याला तर रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. एसिटॅलोप्रामने तसे होणार नाही, पण सात महिने प्रामाणिकपणे वागलेल्या माणसाला फसवल्याचे कळल्यावर तो कोणतीच गोळी घेणार नाही.

आणि आजच करायचे काम : "जगू नये असे मनात येते का?" असे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : दारू सोडून दोन वर्षे झाली. सर्ट्रालिनने माझी उदासी गेली, म्हणून चार महिन्यांनी मी गोळी स्वतःच थांबवली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात. मग हे व्यसनच नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. व्यसनात ओढ असते, मात्रा वाढत जाते, नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही. तुम्हाला यातले काहीही झालेले नाही. सवयीचे औषध एकदम काढल्यावर शरीर कुरकुरते, तसे रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होते. डॉक्टरांना आजच फोन करा. बहुधा ते आधीची मात्रा पुन्हा सुरू करून नंतर टप्प्याटप्प्याने कमी करतील. बरे वाटू लागल्यानंतरही पहिल्या खेपेच्या नैराश्यात औषध किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आजार पुन्हा उलटला असेल तर त्याहून जास्त. मात्रा कमी करायला घेण्याची तारीख डॉक्टरांसोबत ठरवताना एक पाहा : ती लग्नसराईत किंवा वर्षअखेरीच्या पार्ट्यांच्या दिवसांत नको.